वॉर्डाच्या दोन याद्या

रामबाग, इंदूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वहिनींकडून कळला. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभं राहायचं तुझ्या डोक्यात आहे, हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं की मला वाटलं पोरगी संन्यासच घेतेय. आपल्या लोकांचं हे असंच. गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीत वर्षानुवर्षं भांडतील, पण निगम (महापालिका) म्हटलं की 'ते आपलं काम नव्हे'. सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार झाल्या हे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी त्या याच निगमात पार्षद होत्या आणि 1984-85 मध्ये उपमहापौर, हे फारसं कुणी सांगत नाही. कृष्णमुरारी मोघे तर महापौरच झाले. तेव्हा वहिनींची समजूत मी घालतो. पार्षदाला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, महापौराला 25. म्हणजे वयाची अडचण नाही. आताच्या परिषदेची पाच वर्षं 2027 मध्ये भरतात.

तू विचारलंस, सुरुवात कुठून करू. पोस्टर, फेसबुक, तिकीट यातलं मला काही कळत नाही. मी जन्मभर नकाशे काढले आणि फावल्या वेळात गल्लीतल्या लोकांचे संपत्ती कराचे फॉर्म भरले. त्यामुळे मी सांगणार ते यादीचंच. वॉर्डाची मतदारयादी घे. ती राज्य निर्वाचन आयोगाची असते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे वॉर्डाच्या यादीत योग्य जागी आहेच, असं धरून चालू नकोस. दुसरी यादी कर भरणाऱ्यांची. ती तुला कुणी हातात आणून देणार नाही. घरोघरी चहा पीत, पावत्या बघत तुझी तुलाच करावी लागेल. मग दोन्ही शेजारी ठेव.

मी आपल्या गल्लीची अशी वही केली आहे. डावीकडे मतदार, उजवीकडे संपत्ती कराचं खातं. पहिलंच घर बघ. खातं ज्यांच्या नावावर आहे ते आप्पा जाऊन कित्येक वर्षं झाली. एक मुलगा पुण्यात, एक अमेरिकेत. घराला कुलूप, अंगणात पपईचं झाड आपोआप उगवलंय. कर दरवर्षी वेळेत ऑनलाइन भरला जातो. मतं शून्य. त्याच्या पुढचं तीन मजली घर विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेलं. खोल्याखोल्यांत स्पर्धा परीक्षांची मुलं, कुणाचं नाव खरगोनच्या यादीत, कुणाचं धारच्या. मालक कर भरतो, मत एकटा देतो. आणि वाड्याच्या मागच्या बाजूला जुन्या भाड्यावर राहणारं एक कुटुंब, सात मतदार. खातं त्यांच्या नावावर नाही, कधी असणारही नाही, पण ड्रेनेज कुठल्या चेंबरपाशी तुंबतं ते त्यांच्याइतकं निगमाच्या इंजिनियरलाही ठाऊक नाही.

पार्षद निवडून येतो तो या मागच्या घराच्या जोरावर, आणि गल्लीतला दिवा जळतो तो पहिल्या घराच्या पैशावर. दोन्ही याद्यांत जेमतेम निम्मी नावं सारखी निघतात. निवडणुकीतली भाषणं मात्र सगळे असे ठोकतात, जणू समोर बसलेला प्रत्येक जण घरमालक आहे आणि कर कमी झाला की त्याचे डोळे पाणावणार आहेत. वाड्यामागची बाई कर ऐकून जांभई देते. तिच्याशी चेंबरबद्दल बोल.

आता कराचं. 1997 च्या नियमांपासून मध्य प्रदेशात स्वतःच कर मोजून भरायची पद्धत आली. त्याआधी माणूस यायचा, घराकडे बघायचा आणि भाड्याचा आकडा अंदाजानं ठोकायचा. आता शहराचे रेट झोन पाडलेले आहेत. कुठल्या झोनमध्ये, बांधकाम कसलं (पक्कं, पत्र्याचं, कच्चं), वापर कसला (राहता, धंद्याचा), यावरून चौरस फुटाला वर्षाचा एक दर. त्याला क्षेत्रफळानं गुणलं की वार्षिक भाडेमूल्य निघतं आणि त्यावर 6 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान कर. हा टक्का दरवर्षी परिषद ठरवते. मालक स्वतः राहत असेल तर तेवढ्या भागावर निम्मी सूट.

या निम्म्या सुटीनंच मला एकदा तोंडावर पाडलं. शेजारच्या काकूंचा फॉर्म मी भरला. खाली त्या, वर भाडेकरू. मी फीत लावली, गॅलरी मोजली, जिना मोजला, आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि 'वापर' या रकान्यात वरखाली दोन्हीकडे 'स्वतः' लिहून मोकळा झालो. पत्र्याच्या शेडखाली भाडेकरूचं शिवणयंत्र माझ्या डोळ्यांसमोर खडखडत होतं तरी! कायदा असा आहे की मालकाच्या मोजणीत आणि खऱ्या मोजणीत 10 टक्क्यांपर्यंत फरक असला तर सोडून देतात. त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट दंड. काकूंना तो बसला. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या दिवाळीला त्यांच्याकडचा फराळ मात्र आला नाही. दंडापेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून मी आधी विचारतो, वर कोण राहतं, आणि फीत नंतर काढतो.

बिलावर संपत्ती कर एकटा नसतो, हेही लोकांना समजावून सांगावं लागेल. समेकित कर असतो, ज्यात सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन आलं. शिक्षण उपकर, नगर विकास उपकर असतो. शिवाय पाण्याचं आणि कचऱ्याचं वेगळं. लोक खालचा एकच आकडा बघतात आणि 'घरपट्टी वाढली' म्हणून ओरडतात. कुठली ओळ वाढली ते बघून मगच तोंड उघड.

पाण्याच्या ओळीवर मी कुरकुर करत नाही, हा माझा हट्ट समज. 1978 मध्ये नर्मदा इंदुरात आली त्याआधीचे हंडे-बादल्यांचे दिवस मी पाहिलेत. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, तेही डोंगर चढवून पाणी आणायचं, म्हणजे नळातून पाण्याबरोबर वीजही वाहते. ते वीजबिल आवरायला तिथे सौर प्रकल्प उभारायचं ठरलं आणि त्यासाठी निगमानं 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले.

बजेटच्या दिवसांत मात्र कान टवकारून बस. 'आम्ही कराचा दर एक पैशानंही वाढवला नाही,' हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं आणि तरी तुझ्या कॉलनीचं बिल वाढलेलं असू शकतं. दर तोच, कॉलनी खालच्या झोनमधून वरच्या झोनमध्ये. म्हणून भाषण सोड आणि कागदाच्या शेवटची परिशिष्टं आधी वाच. कॉलन्यांची नावं तिथेच असतात, बारीक अक्षरात. नवी परिषद आली की पहिल्या-दुसऱ्या वर्षात असले बदल होतात. शेवटच्या वर्षात कुणी झोनला हात लावत नाही. हे गुपित वगैरे नाही, सगळ्या पक्षांना ठाऊक आहे.

आणि 'मी कर वाढू देणार नाही' असं लिहून देऊ नकोस. ते पूर्णपणे पार्षदाच्या हातातच नाही. मध्य प्रदेशात 1976 मध्ये चुंगी, म्हणजे जकात, गेली, तिची भरपाई भोपाळहून येते, आणि येईपर्यंत तिला बऱ्याच चाळण्या लागतात. त्यात 2020 मध्ये केंद्रानं राज्यांना जादा कर्ज उचलायला एक अट घातली: संपत्ती कराचे किमान दर जमिनीच्या सरकारी गाइडलाइन दराशी जोडा. आपलं राज्य ही अट पुरी करणाऱ्या पहिल्या दोघांत होतं, दुसरं आंध्र. आपल्याला त्यातून 2,373 कोटी जादा उचलायची परवानगी मिळाली. पंधराव्या वित्त आयोगानंही अनुदानाला तशीच अट लावली. म्हणजे गाइडलाइन वाढली की कराचा तळही उचलला जातो. पंच्याऐंशी जणांच्या सभागृहात तू कितीही जोरात बोललीस तरी तो खाली येत नाही. तुझ्या हातात आहे ते वेगळं: झोन चुकीचा पडला असेल तर भांडणं, विधवेला कायद्यातली सूट मिळवून देणं, आणि थकबाकीदाराला लोक अदालतीची तारीख वेळेवर सांगणं. थकीत रक्कम 50 हजारांपर्यंत असेल तर तिथे संपत्ती कराचा अधिभार पूर्ण माफ होतो, लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे पाव. अर्ध्या गल्लीला हे माहीत नसतं. एवढं एक काम वर्षभर केलंस तर पोस्टरचा खर्च वाचेल.

अजून एक. कराची पावती म्हणजे मालकीचा कागद नाही. अवैध कॉलनीतली माणसं ती पावती लॅमिनेट करून देवघरात ठेवतात. त्यांना 'तुमचं घर आता पक्कं' असं चुकूनही सांगू नकोस, बाकीचे सांगतच असतात.

निवडणुकीचं वेळापत्रक फार मनावर घेऊ नकोस. घटना म्हणते पाच वर्षांच्या आत निवडणूक. मागची परिषद 2020 च्या फेब्रुवारीत संपली आणि नवी ऑगस्ट 2022 मध्ये बसली. आरक्षण, वॉर्डांची फेररचना, कोरोना, कोर्ट. शेवटी 10 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं, तेव्हा 6 जुलैला आपण रांगेत उभे राहिलो. मधली अडीच वर्षं प्रशासक. 2021 च्या एप्रिलमध्ये पाणी-कचऱ्याचे वाढीव दर जाहीर झाले आणि लोक भडकल्यावर मागे घ्यावे लागले, ते याच काळात. तेव्हा मला पार्षदाची किंमत कळली. आपल्या आधीच्या पार्षदाला मी पाच वर्षं शिव्या घातल्या होत्या, पण निदान त्याच्या ओट्यावर जाऊन घालता येत होत्या.

वॉर्ड कुणासाठी राखीव होईल ते चिठ्ठीवर. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांच्या, ते तुझ्या बाजूचं. पण सर्वसाधारण महिला की आणखी काही, हे चिठ्ठी उघडेपर्यंत कळत नाही. वॉर्डाची हद्दही सरकते. म्हणून तुझी वही शेजारच्या दोन गल्ल्यांतही ने. खर्चाची मर्यादा मागच्या वेळी आपल्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरात पार्षदाला 8.75 लाख होती, महापौराला 35. एवढे पैसे तुझ्याकडे नाहीत हे मला माहीत आहे. अपक्ष उभी राहायचा विचार असेल तर हेही ऐकून ठेव: 2022 मध्ये 85 पैकी भाजप 64, काँग्रेस 19, अपक्ष दोन.

आता तुझ्या घरचं, जे वहिनींना सांगायला मी कचरलो. उमेदवारी अर्जाबरोबर निगमाचं काही देणं नाही असं प्रमाणपत्र लावावं लागतं. त्या आठवड्यात निगमाच्या झोन कार्यालयाच्या खिडकीवर कोण कोण उभं असतं, बघण्यासारखं असतं. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक नोटा मोजत असतात. तुमचं खातं अजून तुझ्या आजोबांच्या नावावर आहे. मी परवा पावती पाहिली. नामांतरण केलेलंच नाही, आणि गच्चीवर तुझ्या बाबांनी जी खोली बांधली ती फॉर्ममध्ये नाही. मीच भरला होता तो फॉर्म, खोलीच्या आधी. तेव्हा याही वेळी दोष थोडा माझाच.

रविवारी सकाळी ये. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, खरेदीखत आणि गेल्या वर्षीची पावती आण. वारसांच्या शपथपत्राचा मसुदा मी लिहून ठेवतो. पोहे इथेच खा, वर भुरभुरायला जिरावन मसाला आहे. फीत माझ्याकडे आहे, पण आता मला जिना चढवत नाही. वर तू जा आणि आकडे ओरडून सांग, मी खाली लिहून घेतो.

तुझा,
काका