अंत्यविधीहून परतताना: रात्रीच निघायची घाई नको

घरातलं माणूस गेलं की सगळं आटोपताच लोक गाडी काढतात आणि मग त्याच त्या शंका माझ्याकडे येतात. म्हणून आज एकत्रच उत्तरं देतो.

दोन रात्री नीट झोप नाही. सहाशे किलोमीटर जायचंय. रात्री रस्ता मोकळा असतो, म्हणून दहाला निघतोय. चहा घेत, काच खाली ठेवून जमेल ना?

नाही जमणार. सलग 17 तास जागं राहिलं की मेंदू रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, 24 तासांनंतर साधारण 0.10 टक्के असल्यासारखा. दारू पिऊन तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नसता, मग हे कसं चालतं? माझ्यासमोर बसलेल्या एका गृहस्थांना टोलनाका आठवत होता, पुढची वीस मिनिटं मात्र कोरी होती. हात स्टिअरिंगवरच होते. ताशी 100 च्या वेगाला चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर गाडी बिनचालकाची. त्यात पहाटे दोन ते सहा ही झोपेची सर्वांत जड वेळ, आणि मन अजून तिकडेच अडकलेलं.

गार वारा आणि गाणी झोप घालवत नाहीत. चहा-कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो. कानाला लावायचं ते झोपरोधक यंत्र विकणारे हे सांगत नाहीत, की मान खाली पडल्यावरच ते वाजतं. तोवर उशीर झालेला असतो! रात्री झोपा, उजाडल्यावर निघा, दर दोन तासांनी थांबा, चालवणारा बदला. डोळे जड झाले तर सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपा आणि पूर्ण जाग आल्यावरच पुढे निघा. ऑफिसला एक दिवस उशिरा जाता येतं. बीपी, शुगर किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.

आईला झोप लागावी म्हणून शेजाऱ्यांनी त्यांची गोळी दिली. प्रवासात देऊ का?

नको. दुसऱ्याची गोळी कुणालाच देऊ नका.

दहा तास गाडीत बसून काकांचा एकच पाय सुजलाय, पोटरी दुखते. तेलाने चोळू का?

अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आजच डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

भाऊ गेल्यापासून वहिनींच्या छातीत दडपण आहे. सगळे म्हणतात, दुःखामुळे आहे. घरी पोचून दाखवू का?

सगळे म्हणजे कोण? त्यांनी ईसीजी पाहिलाय का? जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या काही दिवसांत हार्ट अटॅकचा धोका खरोखर वाढतो. आहात तिथल्याच हॉस्पिटलमध्ये आत्ता जा, प्रवास नंतर.

मुलाला गाडी लागते. गोळी द्यावी का?

वय आणि वजन सांगून मुलांच्या डॉक्टरांना विचारा. चालवणाऱ्याने मात्र ती घेऊ नये, तिने गुंगी येते.