आजीवर लिहायच्या आधी

प्रिय मुली,

तुझा मजकूर वाचला. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची पुस्तिका प्रेसला द्यायची म्हणून तू घाईत आहेस, तरी सांगतो, हा आहे तसा छापू नकोस. 'कष्टाळू', 'सोशिक', 'प्रेमळ', 'त्यागमूर्ती' एवढे चार शब्द काढले तर तुझ्या दोन पानांत आजी उरतच नाही. औसा तालुक्यातल्या कुठल्याही म्हातारीचा फोटो वर चिकटवला तरी खपून जाईल.

रागावू नकोस, हा उद्योग मी तुझ्याआधी केलेला आहे. माझी माय गेली तेव्हा तेराव्याला मी चार पानं छापली. मास्तर माणूस, शब्दांना काय तोटा? वात्सल्यसिंधू झालं, नंदादीप झाला, चंदनासारखं झिजणंही झालं. धाकट्या बहिणीनं उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "अण्णा, ही कुणाची माय हाय? आपली माय बियाची कणसं निवडायची, ते कुठंय ह्यात?"

खरंच नव्हतं. रब्बीची ज्वारी काढायला यायच्या आठ-दहा दिवस आधी माय एकटीच रानातून फिरायची. टपोऱ्या दाण्याचं, गच्च भरलेलं कणीस दिसलं की एक दाणा काढून त्याचं बूड बघायची. बुडाला काळा ठिपका धरला असेल तर दाणा दाताखाली धरून कटकन फोडायची. पसंत पडलं की धाटाला जुन्या लुगड्याची चिंधी. चिंधीच्या धाटाला कुणी विळा लावायचा नाही, वडिलांनीसुद्धा. ती कणसं चुलीवरच्या आढ्याला, धुरात टांगलेली असायची. पुढच्या साली सगळ्या रानात काय उगवणार, ते त्या चिंध्यांवर ठरायचं. आणि मी काय लिहिलं होतं? 'तिने वडिलांना शेतीकामात मदत केली.' मदत!

शिरगणतीतही असंच आहे म्हणा. नुसतं घरकाम करणारी बाई तिथं 'काम न करणाऱ्यां'त मोजतात. सरकारचं राहू दे, तू तरी तसं मोजू नकोस.

तर आता आजीजवळ बस. "तुझं आयुष्य कसं गेलं?" असलं काही विचारू नकोस. "कसं जायचंय माय, गेलं बघ," एवढ्यावर ती तुला वाटेला लावील. बारकं विचार. गावात पिठाची गिरणी कधी आली? त्याच्या आधी पहाटे किती वाजता उठायची, जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोण बसायचं, सासू की जाऊ? दिवसाला किती पायल्या दळण लागायचं? हे कळलं की भाकरी मोज, तोंडं मोज, वर्षं मोज. तुझा बीकॉमचा हिशोब एकदाचा कामाला येईल. ओवी आठवली तर म्हणायला लाव आणि मोबाइलवर घे. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्या अशाच बायांच्या तोंडून. तुझ्या आजीच्या मात्र त्यात असतीलच असं नाही.

जन्मसाल आधारकार्डावरून घेऊ नकोस. आपल्याकडं निम्मी म्हातारी माणसं 1 जानेवारी नाही तर 1 जूनला जन्मलेली आहेत! रझाकारांच्या वेळी ती केवढी होती ते विचार. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं. तेव्हा ती कडेवर होती की चालत होती, एवढं कळलं तरी साल निघतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ. इथं थांब, इथं तिच्याजवळ पुष्कळ असणार. कामावरची सुकडी, अमेरिकेहून आलेला लाल मिलो म्हणजे ती तांबडी ज्वारी, खडी फोडताना हाताला आलेले घट्टे. त्या वर्षांत आपल्याकडं कितीतरी पाझर तलाव बायांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी बांधले गेले. तान्ही लेकरं बाभळीखाली झोळीत. तुमच्या शिवारातल्या तलावावर ती होती का विचार, आणि गुडघे साथ देत असतील तर बांधावर घेऊन जा. माणूस घरात बसून जे सांगत नाही, ते जागेवर गेल्यावर सांगतं.

भूकंपाचं मात्र जपून. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती. किल्लारी तुमच्यापासून किती लांब? ती बोलली तर ऐक. गप्प राहिली तर पुस्तिकेत एक ओळ सोड आणि पुढं जा. तिथं विशेषणं लावशील तर मी पत्र लिहिणं बंद करीन.

शेवटचं अवघड आहे. तलाठ्याकडून नाही तर ऑनलाइन सातबारा काढ आणि बघ, आजीचं नाव आहे का. 1992 साली लक्ष्मीमुक्तीचा निर्णय झाला. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव त्याच्याबरोबर सातबाऱ्यावर लागायची सोय झाली. किती नवरे तलाठ्याकडं गेले, ते तुमच्याच भावकीत विचारून बघ. माझ्या मायनं माहेरच्या हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, बदल्यात एक इरकल लुगडं आणि पुरणपोळीचं जेवण. हे मी पोरांना वर्गात रंगवून सांगायचो. बहिणीकडून मीही तसंच लिहून घेतलं होतं, ते सांगत नव्हतो. साडी जरा भारीची होती, एवढाच फरक. तेराव्याला तिनं जे विचारलं, त्यात हेही होतं असं मला फार उशिरा वाटायला लागलं. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

तुमच्या घरात काय निघेल माहीत नाही. काका नाराज होतील. ते छापायचं की नाही हे तू आणि आजी ठरवा. पण तिच्याशी बोलायच्या आधी उतारा बघितलेला असू दे.

पुस्तिका महिनाभर लांबली तर लांबू दे, चंद्र काही कुठं जात नाही. येळवस, म्हणजे आपली रानातली वेळ अमावास्या, आठ दिवसांवर आली आहे. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपट घालतील, पुजायला दगडांचे पांडव मांडतील. आदल्या दिवशीच घरी जा. भज्जीचं, त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीचं, प्रमाण आजीला विचारू नकोस, तिला ते तोंडानं सांगता यायचं नाही. पाट घेऊन शेजारी बस. ती तूर, वटाणा, हरभरा मुठीनं घालील, त्या मुठी मोज. चिंचेचा कोळ किती ते बघ, आंबिलीचं पीठ ताकात कधी कालवते ते बघ. सगळं वहीत लिहून घे आणि वही घेऊन माझ्याकडं ये. येताना डबाही आण. बहिणीकडं हल्ली मी येळवसेला जात नाही.

तुझे,
सर