दाल्माशियाची सहल: कर्ज काढून येत्या जुलैत, की साठवून पुढच्या जूनमध्ये?

आपल्या पत्रातील बेत थोडक्यात असा आहे: येत्या जुलैत लग्नाला वीस वर्षे होत आहेत, त्यानिमित्त आपण दोघे आणि सातवीतील कन्या अशा तिघांनी क्रोएशियाच्या दाल्माशिया किनाऱ्यावर बारा रात्रींची सहल करायची, सहल कंपनीने सांगितलेल्या 8,40,000 रुपयांपैकी 5,00,000 रुपये 13 टक्के दराच्या तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून आणि उरलेले 3,40,000 रुपये मुदत ठेव मोडून उभे करायचे. माझे मत असे आहे की ही सहल आपण जरूर करावी, पण या जुलैत करू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच करू नये.

आपल्या घरात दरमहा 1,40,000 रुपये येतात. त्यातून गृहकर्जाचा हप्ता 32,000, एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) 25,000 आणि घरखर्च सुमारे 60,000 रुपये वजा जाता 23,000 रुपये उरतात. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून सहा महिन्यांची गरज 5,52,000 रुपयांची आहे, म्हणजे आपली 6,00,000 रुपयांची ठेव ही जवळजवळ तेवढीच, अडीअडचणीपुरती रक्कम आहे. तिला शिल्लक समजता येणार नाही. ती मोडल्यावर 2,60,000 रुपये उरतील आणि नव्या कर्जाचा सुमारे 16,850 रुपयांचा हप्ता सुरू होईल, तेव्हा पगार थांबल्यास अडीच महिनेही निभावणार नाहीत. तीन वर्षांत या कर्जावर एक लाख सहा हजारांहून अधिक व्याज जाईल, ते वेगळेच. कन्येच्या शिक्षणासाठी साठवलेले फंडाचे युनिट विकण्याचा पर्यायही आपण विचारला आहे. त्याला माझा स्पष्ट नकार आहे, कारण ती रक्कम पाच वर्षांत लागणार आहे आणि सहलीसाठी काढलेली रक्कम त्या वेळेत पुन्हा उभी राहणे कठीण असते.

आता सहलीच्या खर्चाकडे पाहू, कारण खरी बचत तिथेच होऊ शकते. जुलै आणि ऑगस्ट हा एड्रियाटिक किनाऱ्यावरचा सर्वांत गर्दीचा आणि महागडा काळ असतो, आणि कंपनीच्या आराखड्यात नेमक्या याच दिवसांत दुब्रोवनिक या किनाऱ्यावरच्या तटबंदीच्या शहरात पाच रात्री आहेत. आपण इतिहासाचे शिक्षक आहात आणि जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी येथील सेंट ब्लेझच्या चर्चचा रागुसाच्या, म्हणजे जुन्या दुब्रोवनिकच्या, व्यापाऱ्यांशी जोडला जाणारा संबंध आपल्याला तिकडे ओढतो आहे, असे आपण लिहिले आहे. तेव्हा दुब्रोवनिक वगळा, असे मी म्हणणार नाही. मात्र सुमारे दोन किलोमीटरची तटबंदी आणि जुने शहर दोन रात्रींत नीट पाहून होते. तटबंदीवर चालण्याचे तिकीट हंगामात माणशी 35 युरो किंवा त्याहून जास्त पडते. दोघा प्रौढांचेच साडेसात हजार रुपयांवर जातील, पण हा खर्च मी आपल्या यादीतून काढणार नाही.

उलट याच किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात चार रात्री द्याव्यात. रोमन सम्राट डायोक्लेशियनने चौथ्या शतकाच्या आरंभी उभारलेला राजवाडा म्हणजे आजही लोक राहत असलेले शहर आहे. त्याच्या गल्ल्यांतून आणि चौकांतून फिरायला तिकीट नाही, फक्त तळघरे आणि कॅथेड्रल यांसारख्या ठिकाणी ते लागते. तेथून फेरीबोटीने तासाभरात ब्राच बेटाच्या सुपेतार बंदरात उतरून बसने बोलचा प्रसिद्ध किनारा गाठता येतो. क्रोएशियात समुद्रकिनारा ही कायद्याने सार्वजनिक संपत्ती आहे. पोहायला पैसे पडत नाहीत, खुर्ची आणि छत्री घेतली तरच पडतात. किनारे बहुतेक खड्यांचे आहेत, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट भारतातूनच घेऊन जावेत. पुढच्या तीन रात्री कोर्चुला बेटावर काढाव्यात. हंगामात स्प्लिट, कोर्चुला आणि दुब्रोवनिक ही बंदरे जलद बोटींनी जोडलेली असतात, त्यामुळे विमानाने स्प्लिटला उतरून दुब्रोवनिकहून परत निघाल्यास मागे फिरण्याचा खर्च वाचतो.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या बोटी चालू असतात, कन्येची शाळा सुरू झालेली नसते आणि दरही भर हंगामाच्या खाली असतात. युरो 110 रुपये धरून नऊ रात्रींचा माझा अंदाज असा आहे: विमानभाडे 2,25,000, व्हिसा आणि विमा 40,000, स्वयंपाकघर असलेल्या घरांत मुक्काम 1,08,000, जेवण 85,000, बोटी व तिकिटे 50,000 आणि राखीव 50,000, एकूण सुमारे 5,60,000 रुपये. पुढच्या जूनपर्यंत सोळा महिने आहेत. दरमहाच्या 23,000 रुपयांच्या आवर्ती ठेवीतून 3,68,000, दिवाळीच्या बोनसचे 1,20,000 आणि दोन्ही ठेवींचे व्याज मिळून साडेपाच लाखांच्या घरात रक्कम जमते, आणि मूळ ठेवीला हात लागत नाही. वर्धापनदिन अकरा महिने उशिरा साजरा होईल, हे मला मान्य आहे. त्याची किंमत मी कमी लेखत नाही.

चलनाचा धोका मात्र खरा आहे. 2025 च्या सुरुवातीला नव्वदीच्या आसपास असलेला युरो त्याच वर्षी शंभरीपार गेला. म्हणून किनाऱ्यावरच्या खर्चाचे युरो शेवटच्या सहा महिन्यांत थोडे थोडे करून फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, घ्यावेत. सहल कंपनीचे पॅकेज घेतल्यास स्रोतावर गोळा होणारा कर, म्हणजे टीसीएस, सुरुवातीलाच भरावा लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. नोकरीतील एलटीएची, म्हणजे रजा प्रवास भत्त्याची, करसवलत परदेश प्रवासाला लागू नाही, ती हिशेबातून वगळावी.

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. व्हिसासाठी प्रौढांना 90 युरो शुल्क आहे, नकार आला तरी ते परत मिळत नाही, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जासोबत अलीकडच्या महिन्यांचे बँक विवरण द्यावे लागते, ज्यात कर्जाची मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसण्यापेक्षा दरमहा वाढत गेलेली बचत दिसणे आपल्या हिताचे आहे. प्रवासाआधी सहा महिने अर्ज करता येतो. तेव्हा डिसेंबरमध्ये कागदपत्रे तयार ठेवावीत आणि व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येतील अशीच घरे व तिकिटे आरक्षित करावीत.