ट्रिगरनं कॅमेरा लांबून चालवायचा असेल तर

भावा, फ्लॅशसाठी घेतलेल्या रेडिओ ट्रिगरनं (बटण दाबायचा ट्रान्समीटर आणि इशारा पकडणारा रिसीव्हर, अशी दोन युनिटची जोडी) कॅमेराही चालवता येतो. पण रिसीव्हर नुसता हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेवर) बसवून सहसा शटर पडत नाही, आणि नव्यांची गाडी अडते ती नेमकी इथंच. हॉट शूमधून कॅमेरा फ्लॅशला इशारा देतो. शटरचा हुकूम सहसा घेत नाही. त्यासाठी रिसीव्हरपासून कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटपर्यंत शटर केबल लागते. सॉकेट मॉडेलप्रमाणं बदलतं, म्हणून दुकानात जाताना कॅमेरा सोबत ने. ट्रिगरमध्ये शटर रिलीजची सोय आहे का, तेही आधी बघ. सगळ्यांत नसते.

रंकाळा तलावाच्या काठावर पक्ष्यांसाठी ट्रायपॉड लावलास, तर एवढं कर:

- दोन्ही युनिटचा चॅनेल एकच ठेव.
- ऑटोफोकसनं पक्षी बसणारी फांदी धर, मग लेन्स मॅन्युअलवर टाक. नाहीतर फोकस जुळेपर्यंत कॅमेरा शटर सोडतच नाही, आणि तुला वाटतं ट्रिगर बिघडला.
- ऑटो पॉवर ऑफ बंद कर. झोपलेला कॅमेरा पहिल्या दाबाला बऱ्याचदा फक्त जागा होतो.
- रिसीव्हर ओल्या गवतात ठेवू नकोस. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. पाणी आणि ओली झाडी ती लहर शोषतात. उंचावर बांध.

आधी घरीच फ्लॅशशिवाय २० वेळा शटर पाडून बघ. एकही चुकलं, तर केबलची पिन आणि सेल तपास. एकाच दाबात कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही उडवायचं नंतर बघू.