मराठीत मुलांसाठी छापलेलं पहिलं पुस्तक कोणतं? त्याआधी मुलांसाठी काहीच नव्हतं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त जवळचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

होतं की! काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं ही गोष्ट आपण सगळ्यांनी जेवताना, एकेक घास गिळत ऐकली आहे. ती थेट लीळाचरित्रात सापडते, म्हणजे तेराव्या शतकात. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी टिपल्या, त्यांत ती आहे. तिथे चिमणीला 'साळै' म्हटलंय. कॉलेजात असताना मी ते पान पहिल्यांदा वाचलं आणि मला माझ्या आजीचाच आवाज ऐकू आला. छापखान्याचा आधार नसताना ही गोष्ट इतकी शतकं घराघरांत टिकली. आणि माझ्या आजीने शेवटी तात्पर्य असं कधी सांगितलं नाही. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, पुढचा घास.

आता छापील पुस्तक. ते पुण्यात किंवा मुंबईत निघालं नाही, तंजावरला निघालं. तिथले भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी देवनागरी छापखाना उभा केला होता. इसापच्या गोष्टींचं सख्खण पंडितांनी केलेलं मराठी भाषांतर, 'बालबोध मुक्तावली', तिथे छापलं गेलं. साल साधारणपणे 1806 धरतात. पेशवाई अजून चालू होती, आणि पुण्यातल्या मुलांना या पुस्तकाचा पत्ताही नसणार.

मुंबईत हे काम सुरू झालं ते शाळांसाठी पुस्तकं हवी होती म्हणून. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 1828 मध्ये 'इसापनीति' आणि 'बाळमित्र' मराठीत आणली. 'बाळमित्र'चा प्रवास मला फार आवडतो: बेर्कँ नावाच्या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकात मुलांसाठी लिहिलेलं आधी इंग्रजीत गेलं, तिथून मराठीत आलं. छत्र्यांचं गद्य मोकळं, सरळ आहे. पण मूल तेव्हा सुधारण्याची वस्तू होतं, आणि गोष्ट संपली की 'तात्पर्य' आलंच. पुढची पन्नासेक वर्षं बहुतेक हाच सूर राहिला.

माझ्या मते खरा बदल मासिकांनी केला. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केलं आणि 1914 साली ते वारले तोपर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षं, निष्ठेने चालवलं. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती. सूर उपदेशाचाच होता, हे खरं. तरी दर महिन्याला आपल्यासाठी काहीतरी येणार, याची वाट पाहणं हे मुलांना पहिल्यांदा मिळालं. शाळेच्या पुस्तकाची वाट कोण पाहतं? मग 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' आलं, आणि नावातच मासिकाचा हेतू आला.

भा. रा. भागवतांनी स्वातंत्र्यानंतर आपल्या मासिकाला पुन्हा 'बालमित्र' हेच नाव दिलं. छत्र्यांचा 'बाळमित्र' मुलांना वळण लावायला आला होता. भागवतांच्या गोष्टींचा नायक, फुरसुंगीचा फास्टर फेणे, मात्र संकटात उडी घेतो, डोकं लढवतो, तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढतो आणि पुढे पळतो. तात्पर्य सांगायला तो थांबत नाही. लहानपणी आमच्या वाड्यात ही पुस्तकं हातोहात फिरायची, परत येताना पुठ्ठा सुटलेला असायचा.

तुम्हाला स्वतः चाळून पाहायचं असेल, तर बालभारतीचं 'किशोर' घ्या. ते 1971 पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सुरुवातीच्या वर्षांपासून बघा. आणि घरात लहान मूल असेल, तर त्याला मांडीवर घेऊनच बघा.