इंग्रजीचं काय करू? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात एका कंपनीत आहे, बारावीपर्यंत मराठी मीडियम. परवा लंडनच्या क्लायंटला लिहिलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे'. त्याचं उत्तर आलं, 'एकदाच पाठवा, रोज नको', आणि खाली हसरी स्मायली. मला जोकच कळला नाही. वर टीम लीड म्हणतो, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' पण चूक. मग बरोबर काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो ताई, तुमचं व्याकरण कच्चं वगैरे काही नाहीये, तुमचं मराठी पक्कं आहे म्हणून हे होतंय. आपल्याकडे एकच 'पर्यंत' दोन कामं करतो आणि इंग्रजीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत, टिल आणि बाय. 'टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार येईपर्यंत ते काम चालूच राहणार, म्हणून त्या बिचाऱ्याला वाटलं तुम्ही आता रोज रिपोर्ट पाठवत बसणार 😄

ओळखायचं कसं, तर मराठीतच. 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत पाठवते' चालतं ना? मग बाय. 'शुक्रवारच्या आत मी गावाला आहे' असं कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे टिल. अनटिल पण चालतं, फक्त स्पेलिंग सांभाळा, टिलमध्ये दोन एल आणि अनटिलमध्ये एकच, हे मी स्वतः कितीदा चुकलेय!

'पासून'चं पण तेच. दोन वर्षांपासून, सोमवारपासून, आपल्याला दोन्ही सारखंच. आता 'पासून' उडवून बघा. 'मी दोन वर्षं इथे काम करतेय', वाक्य उभं राहिलं, मग फॉर. 'मी सोमवार इथे काम करतेय', आडवं पडलं, मग सिन्स. म्हणजे फॉर टू इयर्स, पण सिन्स मंडे, सिन्स २०२२, सिन्स माय वेडिंग.

राहिलं क्रियापद, आणि खरी गोची तिथेच आहे. आपण 'करतेय' म्हणतो म्हणून हात आपोआप 'ॲम वर्किंग' टाइप करतो, पण काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल आणि किती काळ ते सांगायचं असेल तर इंग्रजीला 'हॅव बीन' लागतं : आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स. जर्मन लोकांची पण अगदी हीच पंचाईत होते, त्यांचा 'झाइट' म्हणजे आपला 'पासून', 'बिस' म्हणजे 'पर्यंत', आणि क्रियापद आपल्यासारखंच साधं वर्तमानकाळी. तेव्हा टीम लीडला सांगा एवढं हसू नको.

प्रश्न : 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून की सोडून?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : धरून. शुक्रवारी दिलंत तरी वेळेत. 'बिफोर फ्रायडे' असेल तर मात्र गुरुवारीच उरका. आणि समोरचा परदेशात असेल तर नुसतं 'ईओडी' (एंड ऑफ डे, म्हणजे दिवस संपायच्या आत) लिहू नका हो, दिवस कोणाचा संपायचा, तुमचा की त्याचा? लंडनला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. सरळ लिहा, 'बाय सिक्स पीएम इंडिया टाइम ऑन फ्रायडे'.