घरी कामे पडलेली असताना मी शिकत बसले, तर तो स्वार्थ आहे का?

कॅलिफोर्नियातील एका सरकारी विद्यापीठात समुपदेशक म्हणून काम करताना पहिल्या वर्षाच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांकडून मला एक शंका वारंवार ऐकायला मिळते: आई-वडील शेतात किंवा फळांच्या पॅकिंग शेडमध्ये राबत असताना आणि धाकट्या भावंडांकडे बघायला कुणी नसताना मी इथे वाचनालयात बसते, हा स्वार्थ नाही का? घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच व्यक्ती असलेल्या मुलामुलींना हा प्रश्न अभ्यासाच्या भीतीपेक्षाही अधिक छळतो, आणि बहुतेकदा तो ‘मला शिक्षण सोडायचे आहे’ असे रूप घेऊनच आमच्यापर्यंत पोहोचतो.

अशाच एका विद्यार्थिनीची हकीकत सांगते; तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचे आई-वडील मेक्सिकोतील मिचोआकान राज्यातून कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली या शेतीच्या पट्ट्यात आलेले, दोघेही द्राक्षांच्या आणि बदामांच्या हंगामात काम करणारे, आणि ही त्यांची थोरली मुलगी. लहानपणापासून घरासाठी इंग्रजी बोलणारी तीच. विजेचे बिल, घरमालकाची नोटीस, भावाच्या शाळेचे पत्र, आईच्या मधुमेहाच्या तपासण्या, हे सगळे तिच्याच हातून जायचे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शैक्षणिक साहाय्यासाठीचा फाफ्सा अर्जही तिने वडिलांना उत्पन्नाचे आकडे विचारून स्वतःच भरला होता. सत्राच्या आठव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा रसायनशास्त्रात नापास होण्याच्या बेतात होती, आणि तास चालू असताना घरचा फोन आला की उठून बाहेर जात होती. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायला कुणीही यावे म्हणून राखलेल्या वेळेत, ती एकदाही गेली नव्हती, कारण ती वेळ काहीतरी चुकलेल्या विद्यार्थ्यांना बोलावून घेण्यासाठी असते, अशी तिची समजूत होती. घरी मात्र सगळे उत्तम चालले आहे, असेच ती सांगत आली होती.

‘घरच्यांना नाही म्हणायला शीक’ हा सल्ला अशा वेळी इथे सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ज्या मुलीला आपली किंमत घराला लागणाऱ्या हातभारातून कळत आली आहे, तिला तो हातभारच काढून घ्यायला सांगितले तर अपराधी भावना वाढते. रिबेका कोवारुबियास आणि स्टेफनी फ्रायबर्ग यांच्या 2015 च्या संशोधनात असे दिसले की घरातून महाविद्यालयात जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना, त्यातही लॅटिनो विद्यार्थ्यांना, घरच्यांपेक्षा पुढे गेल्याची टोचणी अधिक असते, आणि आपण घरच्यांना कधी मदत केली होती ते आठवायला लावल्यास ती कमी होते. म्हणून पहिल्या भेटीत मी तिला वर्षभरात घरासाठी केलेली कामे लिहायला सांगितली. पान भरले, तेव्हा ती स्वतःच थोडी चकित झाली.

त्यानंतर आम्ही हिशेबाकडे वळलो. सत्राचा 60 टक्के काळ पूर्ण होण्याआधी सगळे विषय सोडले, तर त्या सत्रासाठी मिळालेल्या केंद्रीय साहाय्याचा काही भाग परत करावा लागतो. घरावरचा भार हलका करण्यासाठी ती शिक्षण सोडायला निघाली होती आणि जाता जाता घराच्या डोक्यावर देणे ठेवून गेली असती. हे तिला कुणीच सांगितले नव्हते.

खरी अडचण वेळेच्या हिशेबात निघाली. तिच्या त्या सत्रातल्या विषयांचे मिळून 15 युनिट म्हणजे आठवड्याला सुमारे 15 तास वर्ग, एवढेच घरी ठाऊक होते, त्यामुळे उरलेला आठवडा मोकळा आहे असे दिवसाचे दहा तास उभे राहून काम करणाऱ्या आईने धरून चालणे स्वाभाविकच होते. प्रत्येक युनिटमागे वर्गाबाहेर आणखी निदान दोन तासांचा अभ्यास अपेक्षित असतो, म्हणजे एकूण 45 तास. इथल्या मराठी घरांत आई-वडील बहुधा स्वतः पदवीधर असल्याने ही गोष्ट मुलांना कधी समजावून सांगावीच लागत नाही, हे मला तिच्याशी बोलतानाच जाणवले. तिच्या संमतीने आम्ही आईला फोन लावला. मला स्पॅनिश येत नाही आणि दुभाष्याचे काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडू नये, म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या एका सहकाऱ्यांना सोबत घेतले. 45 तास ऐकल्यावर आई म्हणाली, “मग ही पूर्ण वेळाची नोकरीच झाली की. हे आधी का नाही सांगितलेस?”

कामांची वाटणी पुढे तिनेच केली. बिले आणि कागदपत्रे रविवारी संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर. दवाखान्यासाठी तिने थेट दुभाषी मागायला आईला शिकवले, कारण केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्याने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाष्याची विनामूल्य सोय करून देणे बंधनकारक आहे; भावाच्या शाळेवरही पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देण्याची तशीच जबाबदारी आहे. आईला फोनवरचा परका दुभाषी आवडला नाही आणि पुढच्या तपासणीला तिने पुन्हा मुलीलाच फोन लावला; त्याच्या पुढच्या वेळी मात्र दुभाष्यावर भागले. रसायनशास्त्रात ती त्या सत्रात नापासच झाली. उन्हाळ्यात तिने तो विषय पुन्हा घेतला, या वेळी ऑफिस अवर्सना जात राहिली, आणि उत्तीर्ण झाली.